दीडशे घोडे आणि अठरा वर्षांचा सारथी

मागच्या सेमिस्टरला सबमिशनच्या धामधुमीत, म्हणजे फाइलवर सही मिळावी म्हणून आम्ही सगळे सरांच्या केबिनबाहेर ताटकळत उभे असताना, कराडहून मामाचा फोन आला. मामा एरवी फोन करतो तो दिवाळीला किंवा कुणाचं लग्न ठरलं तर. त्यामुळे जरा दचकूनच उचलला.

"काय रे, मोकळा हायस का?"

"सबमिशन चालू आहे मामा. बोला ना."

"बंटीला गाडी घ्यायची म्हणतोय. बारावीला कबूल केलं होतं, मार्क पडले तर गाडी. आता पडले! लायसन पण आलं गेल्या आठवड्यात. तर त्याला ती दीड लिटरची टर्बो पायजे. दीडशे हॉर्सपॉवर का काय म्हणतोय. मामी नको म्हणती. मी म्हटलं, आपला भाचा मेकॅनिकलला हाय, त्यालाच विचारू. तू सांगशील ते फायनल."

झालं! चार वर्षं थर्मो, टीओएम आणि मशीन डिझाइनने जेवढं छळलं नसेल, तेवढं या एका प्रश्नाने छळलं. मामाला "नको" म्हणणं सोपं होतं, पण मग बंटी जन्मभर बोलला नसता. "घ्या" म्हणणं त्याहून सोपं होतं. पण मला माझीच दुसऱ्या वर्षातली एक रात्र आठवत होती, जी मी घरी कधीच सांगितलेली नाही. म्हटलं, मामा, दोन दिवस द्या. आणि त्या दोन दिवसांत अभ्यासाच्या वहीच्या मागच्या पानांवर जे काही गणित केलं, ते इथे देतोय. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हा प्रश्न आज ना उद्या येणार आहे. स्टाफपैकी काहींच्या घरी कदाचित आलाही असेल!

घोडे मोजताना वजन विसरू नका

पहिली गोष्ट अशी की नुसत्या हॉर्सपॉवरवरून काहीच कळत नाही. दीडशे घोडे ट्रकला जुंपले तर तो चढावर रडत चढेल, तेच मोटरसायकलला जुंपले तर ती मागच्या चाकावर उभी राहील. म्हणून बघायचं असतं ते ताकदीचं वजनाशी असलेलं गुणोत्तर, एका टनामागे किती किलोवॅट ते.

मामा स्वतः ज्या गाडीवर शिकला ती मारुती ८००. साधारण ३७ अश्वशक्ती आणि वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. म्हणजे टनामागे जेमतेम ४२ किलोवॅट. आजची १२०० सीसीची साधी पेट्रोल हॅचबॅक घेतली, ८२ पीएस आणि वजन सव्वानऊशे किलोच्या आत-बाहेर, तर हा आकडा ६५ पर्यंत जातो. एक लिटर टर्बो, ११५ पीएस आणि १२०० किलो, म्हणजे ७० च्या थोडा वर. आणि बंटीला हवी असलेली दीड लिटर टर्बो, १५० पीएस आणि १३०० किलो, म्हणजे ८५. थोडक्यात काय, तर मामाने ज्या गाडीवर चुका करत करत ड्रायव्हिंग शिकलं, तिच्या बरोब्बर दुप्पट.

आता कुणी म्हणेल, दुप्पट तर दुप्पट, पाय तर आपलाच आहे ना अ‍ॅक्सिलरेटरवर? खरं आहे. पण इथे टर्बोची एक गंमत समजून घ्यायला हवी. साध्या इंजिनात ताकद आरपीएमबरोबर हळूहळू चढते. तुम्ही दाबता, इंजिन ओरडतं, गाडी थरथरते आणि मग वेग येतो. टर्बो इंजिनात टर्बाइन फिरायला लागेपर्यंत क्षणभर काहीच होत नाही आणि मग दीड-दोन हजार आरपीएमच्या सुमाराला जवळजवळ सगळा टॉर्क एकदम हातात येतो. इलेक्ट्रिक गाडीत तर तेवढी वाटही बघावी लागत नाही, पूर्ण टॉर्क शून्यापासूनच हजर! नवशिक्या काय करतो? "काहीच होत नाहीये" म्हणून आणखी दाबतो. आणि मग जे व्हायचं ते एकदम होतं.

शिवाय मारुती ८०० ताशी शंभरला गेली की आपण देवाचं नाव घ्यायचो. दारं वाजायची, स्टिअरिंग हलायचं, वाऱ्याचा आवाज यायचा. गाडीच सांगायची, "बाबा रे, पुरे आता." नवीन गाडी शंभरला जाते तेव्हा आत गाणी ऐकू येतात आणि साठचा भास होतो. सुधारणा चांगलीच आहे, पण इशारा देणारी घंटा मात्र त्या सुधारणेत बंद झाली.

वीस किलोमीटरचा फरक

आता ब्रेककडे येऊ. फर्स्ट इयरच्या फिजिक्समध्ये आपण हे सूत्र घोकलेलं असतं, फक्त त्याचा अर्थ कुणी रस्त्यावर उभं करून सांगितलेला नसतो.

समोर काहीतरी दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत माणसाला दीड सेकंद लागतो असं धरा. कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक आणि चांगले टायर गाडीला दर सेकंदाला ७ मीटर प्रति सेकंद इतकं मंद करतात असं धरा. मग थांबायला लागणारं एकूण अंतर असं येतं:

ताशी ६० किमी : ४५ मीटर
ताशी ८० किमी : ६९ मीटर
ताशी १०० किमी : ९७ मीटर
ताशी १२० किमी : १२९ मीटर

एवढं सगळ्यांनाच पटतं. पण मी पुढचं गणित केलं तेव्हा पेन खाली ठेवलं. समजा दोन गाड्या शेजारी शेजारी चालल्यात, एक साठने आणि एक ऐंशीने. समोर ४५ मीटरवर कुणीतरी रस्त्यात आलं. दोघांनीही एकाच क्षणी पाहिलं, एकाच क्षणी ब्रेक मारला. साठवाली गाडी त्या माणसाच्या अगदी पुढ्यात थांबते. त्याच ठिकाणी ऐंशीवाल्या गाडीचा वेग किती असेल?

हा प्रश्न मी आमच्या विंगमध्ये सातआठ जणांना विचारला. बहुतेकांनी २० सांगितलं, एकदोघांनी ३०. खरं उत्तर आहे ताशी ६५ किमी! कारण दीड सेकंदात ती गाडी ब्रेक न लागताच ३३ मीटर पुढे गेलेली असते, उरलेल्या साडेअकरा मीटरमध्ये ती कितीशी थांबणार? ऐंशीने चाललेला ड्रायव्हर पूर्ण ताकदीने ब्रेक दाबूनसुद्धा जवळजवळ पासष्टने धडकतो. आणि शंभरवाला? तो धडकतो ९७ ने. म्हणजे ब्रेक मारला काय आणि नाही मारला काय!

यात इंजिनच्या ताकदीचा संबंध कुठे आला, असं बंटीने नंतर विचारलंच. संबंध असा की साठवरून ऐंशीला जायला मारुती ८०० ला बराच वेळ लागायचा, तेवढ्यात विचार बदलायला सवड मिळायची. दीडशे घोड्यांना दोन-तीन सेकंद पुरतात.

ओव्हरटेकवाला युक्तिवाद

पॉवरच्या बाजूने जो सगळ्यात जोरदार युक्तिवाद आहे तो टाळून चालणार नाही. "ओव्हरटेक करताना पॉवर असली की लवकर सुटतो, म्हणून पॉवरफुल गाडीच सेफ." हे खोटं नाही. गणित करून पाहू.

दोनपदरी रस्ता, पुढे ताशी ५० ने चाललेली एसटी. आपणही पन्नासनेच मागे आहोत. तिला मागे टाकून सुरक्षित अंतरावर परत आपल्या बाजूला यायचं तर तिच्यापेक्षा साधारण ४० मीटर जास्त जावं लागतं. साधी गाडी १.२ मीटर प्रति सेकंद वर्ग या त्वरणाने हे काम आठ सेकंदांत करते, ताकदवान गाडी २.२ ने सहा सेकंदांत. समोरून कुणी ताशी ६० ने येत असेल तर पहिल्या गाडीला समोर २९० मीटर मोकळा रस्ता लागतो, दुसरीला २२५ मीटर. म्हणजे ६५ मीटरचा सरळ फायदा.

प्रश्न असा की त्या ६५ मीटरचं तुम्ही करता काय? माझे वडील असते तर त्यांनी ते शिल्लक म्हणून ठेवले असते. आपल्या वयाचा पोरगा काय करतो? तो म्हणतो, "आता अडीचशे मीटरची गॅपसुद्धा चालतीय!" म्हणजे फायदा खिशात न ठेवता लगेच खर्च. वर ओव्हरटेक संपताना साधी गाडी पंच्याऐंशीला असते आणि ताकदवान गाडी अठ्ठ्याण्णवला. समोरच्याचा अंदाज चुकला तर धडक आणखी मोठी.

हे मी नुसतं मनाने सांगत नाही. १९८० च्या दशकात जर्मनीत म्युनिकला टॅक्सीच्या एका ताफ्यातल्या काही गाड्यांना एबीएस बसवलं, काहींना नाही. एबीएसमुळे अपघात घटायला हवे होते, पण म्हणावे तसे घटले नाहीत. कारण एबीएसवाले ड्रायव्हर जास्त जोरात चालवायला लागले होते. ते तर रोज दिवसभर टॅक्सी चालवणारे पोटार्थी लोक. मग लायसनवरची शाई न वाळलेल्या बंटीचं काय सांगावं?

घाटातलं वळण आणि टायरचं बँक बॅलन्स

टायरकडे पकडीचं एक ठराविक बॅलन्स असतं. ते वळण्यात खर्च करा, ब्रेकमध्ये करा नाहीतर वेग वाढवण्यात करा. तिन्हीकडे एकदम खर्च केलं की खातं रिकामं, आणि मग गाडी जिकडे जायची तिकडे जाते.

वळणावर लागणारी पकड म्हणजे वेगाचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या. घाटातलं ५० मीटर त्रिज्येचं वळण घ्या. ताशी ६० ने गेलात तर ५.६ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढी पकड लागते. कोरड्या डांबरावर साधारण आठ मिळते, म्हणजे निभावलं. पावसात ती पाचच्या आसपास येते. म्हणजे ५० ने गेलात तर गाडी वळते, ६० ला गाडी सरकायला लागते. आणि ८० ने गेलात तर लागते जवळजवळ दहा, जी कोरड्या रस्त्यावरसुद्धा नाही! पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येते तेव्हाची गोष्ट तर विचारूच नका.

बंटीचं कॉलेज पुण्यात, म्हणजे खंबाटकी ठरलेलाच. आणि कराडला घरी आला की मित्रांबरोबर चिपळूणला जायचा बेत होणार, म्हणजे कुंभार्ली घाट. वळणातच ताकदवान गाडीचा पाय जरा जास्त दाबला गेला, की पुढची चाकं वळायचं सोडून सरळ पळायला लागतात. अनुभवी माणूस तिथे पाय हलकेच काढतो. नवा माणूस घाबरून ब्रेक मारतो आणि आणखी अडचणीत येतो. अशा वेळी ईएससी असलेली गाडी एकेका चाकाला स्वतः ब्रेक लावून बरंच सांभाळून घेते. पण पकडीचं बॅलन्सच संपलं असेल तर कॉम्प्युटर तरी कुठून आणून देणार?

मागच्या सीटवरचे मित्र

आता ती रात्र. दुसऱ्या वर्षात, पेपर संपले त्या दिवशी, आमच्यातल्या एकाने घरची गाडी आणली होती. टर्बो, नवी कोरी. रात्री साडेअकराला हायवेवरच्या ढाब्यावर अंडा भुर्जी खायला निघालो. पाच जण. परत येताना मी म्हटलं, मला दे चालवायला. माझ्याकडे लायसन होतं, चार महिन्यांचं.

कुणीही दारू प्यायलेलं नव्हतं. हे मुद्दाम सांगतो, कारण असं काही ऐकलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. मागून फक्त एवढंच कुणीतरी म्हणालं, "बघू तरी किती जाते." मी पाय दाबला. काटा शंभरच्या पुढे कधी गेला ते कळलंच नाही. गाणं चालू होतं, सगळे हसत होते. आणि पुढच्या अंधारात एक काळा ठोकळा दिसला. उसाची ट्रॉली. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, गळीत हंगामात असतात तशीच. दिसली तीसुद्धा पलीकडून येणाऱ्या ट्रकच्या उजेडात. ब्रेक मारायचा विचार मनात येईपर्यंत हातांनी स्टिअरिंग उजवीकडे ओढलं होतं. उजवी लेन त्या क्षणी रिकामी होती.

बस्स, एवढंच. त्यात माझं कौशल्य काहीही नाही. उजव्या लेनमध्ये कुणी असतं तर हा लेख लिहायला मी नसतो आणि बाकीचे चौघेही नसते. होस्टेलवर येईपर्यंत कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी त्याचा विनोद केला, मीसुद्धा केला.

त्या रात्रीचं गणित मी आत्ता मामासाठी वही उघडली तेव्हा पहिल्यांदा केलं. लो बीमच्या उजेडात मळक्या, काळपट वस्तू पन्नास-साठ मीटरच्या पुढे नीट दिसत नाहीत. शंभरने थांबायला लागतात ९७ मीटर. म्हणजे मी माझ्याच दिव्यांच्या पुढे पळत होतो. जे दिसेल त्याच्या आधी थांबणं त्या वेगाला शक्यच नव्हतं, पण ते सांगणारं गाडीत काही नव्हतं आणि माणसंही नव्हती.

मित्रांचा प्रभाव हा काही मी काढलेला बहाणा नाही. २००५ मध्ये अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. १३ ते १६, १८ ते २२ आणि २४ च्या पुढचे, अशा तीन गटांना कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा खेळ दिला. सिग्नल पिवळा झाल्यावर किती पुढे जायची जोखीम घ्यायची, असा. काही जण एकटे खेळले, काही दोन मित्रांसमोर. मित्र बघत असताना लहान दोन्ही गटांनी मोठ्यांपेक्षा खूपच जास्त धोका पत्करला. मित्रांनो, आपण सगळे मधल्या गटातले!

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे अठरा पूर्ण झाली, लर्निंग लायसन काढलं, किमान ३० दिवसांनी टेस्ट दिली आणि पास झालो की संपलं. त्याच दिवशी तुम्ही ३७ घोड्यांची गाडी चालवा नाहीतर ५०० घोड्यांची, लायसन तेच. अठराच्या आतल्या मुलाच्या हातात गाडी दिली तर मात्र २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायदा कडक आहे. पालक किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. तरीही १९ मे २०२४ ला पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये काय झालं ते आपण सगळ्यांनी वाचलंय. पोर्शेची धडक बसून मोटरसायकलवरचे दोघे गेले. दोघेही २४ वर्षांचे इंजिनिअर होते, आपल्याहून दोन-तीन बॅच पुढचे म्हणा ना. गाडी १७ वर्षांचा मुलगा चालवत होता असं पोलिसांचं म्हणणं. ३०० शब्दांच्या निबंधाचीच चर्चा पुढे जास्त झाली, पण आमच्या विंगमध्ये त्या दिवशी सगळे गप्प होते.

दुसऱ्या देशांनी अठरानंतरचाही विचार केलाय. जपानमध्ये नवीन लायसनवाल्याला पहिलं वर्षभर गाडीवर हिरवं-पिवळं चिन्ह लावावं लागतं. न्यूझीलंडने १९८७ मध्ये लायसन टप्प्याटप्प्याने द्यायला सुरुवात केली. मधल्या टप्प्यात रात्री १० ते पहाटे ५ एकट्याने चालवायचं नाही आणि शेजारी अनुभवी माणूस असल्याशिवाय मित्रांना बसवायचं नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया अशा राज्यांत नव्या ड्रायव्हरला टनामागे १३० किलोवॅटच्या वरची गाडी चालत नाही. इटलीने डिसेंबर २०२४ पासून लायसन मिळालेल्यांना पहिली तीन वर्षं मर्यादा घातली, टनामागे ७५ किलोवॅट आणि एकूण १०५ किलोवॅट. शेजारी दहा वर्षं जुन्या लायसनचा माणूस बसला असेल तर सूट.

आता वरचे आकडे परत बघा. बंटीची गाडी टनामागे ८५, एकूण ११०. सिडनीत चालेल, रोममध्ये नाही! म्हणजे जगातही याचं एकच उत्तर नाही. ओढायची रेघ कुठे यावर मतभेद आहेत, पण नव्या ड्रायव्हरसाठी रेघ असावी यावर मात्र हे देश ठाम आहेत. आपल्याकडे ती रेघ सरकारने ओढलेली नाही, म्हणून ती घरी ओढावी लागते. मामा आणि मामीने.

माझं उत्तर

दोन दिवसांनी मामाला फोन केला. आधी ट्रॉलीची गोष्ट सांगितली. ती न सांगता बाकीचं सांगण्यात काही अर्थ नव्हता. मामा बराच वेळ काही बोलला नाही, मग एवढंच म्हणाला, "ताईला माहीत हाय का?" नाही म्हटलं. (आता हा अंक घरी गेला की कळेल.)

मग म्हटलं, मामा, बंटी चांगला मुलगा आहे की वाईट, हा प्रश्नच नाही. मी काय वाईट होतो? नव्या ड्रायव्हरला चूक करायचीच असते, त्याशिवाय शिकणार कसा? त्याला फक्त एक गोष्ट लागते, चूक लक्षात यायला आणि सुधारायला वेळ. आणि जादा हॉर्सपॉवर नेमका तोच वेळ खाते. म्हणून गाडी घ्या, पण पहिली गाडी वेळ देणारी घ्या. सांगितलं ते असं:

१) ताकद टनामागे ७०-७५ किलोवॅटच्या आत. म्हणजे १२०० सीसी साधी किंवा फार तर एक लिटर टर्बो.

२) वाचलेले पैसे सेफ्टीत घाला. सहा एअरबॅग, ईएससी आणि क्रॅश टेस्टमध्ये चांगले स्टार. भारत एनकॅप ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे, रेटिंग बघूनच घ्या. आणि अगदी चिमुकली, हलकी गाडीही नको. अमेरिकेतली आयआयएचएस ही संस्था नव्या मुलांसाठी हेच सांगते: जास्त ताकद नको, फार छोटी नको, ईएससी हवंच.

३) पहिले सहा महिने रात्री दहानंतर नाही, आणि गाडीत एकापेक्षा जास्त मित्र नाही.

४) पहिला पावसाळा घाटात मामा शेजारी बसणार. गप्प बसणार, ही मामासाठी अट!

५) दोन वर्षांनी दीड लिटरचा विषय परत काढायचा. तेव्हा "नाही" म्हणायचं असेल तर कारण मामाने द्यायचं.

मामा म्हणाला, "बंटीला तूच सांग."

सांगितलं. आणि त्याने जे विचारलं त्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. तो म्हणाला, "दादा, मी सोळाव्या वर्षापासून पप्पांची गियरची मोटरसायकल चालवतोय. विनालायसन, विनाहेल्मेट. तेव्हा तू सुट्टीत आला होतास, माझ्या मागे बसून रंकाळ्यापर्यंत आलास. तेव्हा कुठे गेलं होतं तुझं गणित?"

बरोबर बोलला. सोळाव्या वर्षी कायद्याने चालतं ते फक्त ५० सीसीपर्यंतचं बिनगियरचं वाहन. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवरची. या मृत्यूंना कारण म्हणून अतिवेगाचा वाटा ७१ टक्के. कारला घाबरणारं आपलं घर मोटरसायकलला कधीच घाबरलं नाही, कारण ती स्वस्त होती आणि सगळ्यांकडे होती. मी त्याला तेवढंच म्हटलं, "तेव्हा चुकलो. म्हणून आताही चुकू का?" त्याने फोन ठेवला.

महिनाभर बोलला नाही. गाडी एक लिटरची आली. मामीने पूजेचा फोटो पाठवला, त्यात बंटीचं तोंड एवढंसं! मध्यंतरी मात्र एका रात्री मेसेज आला. "दादा, ते ६५ कसं काढलंस? ८० वाल्याचं. माझ्या रूममेटला पटत नाहीये." मी स्टेप्स लिहून पाठवल्या. दहा मिनिटांनी उत्तर आलं, "आलं. ६५.६."

आपल्या होस्टेलच्या शेडमध्ये गेल्या वर्षी तीन गाड्या होत्या, आता अकरा आहेत. कुणाच्या गाडीत मागे बसाल तेव्हा एवढंच लक्षात ठेवा, "बघू तरी किती जाते" हे वाक्य मागच्या सीटवरून येतं. ते बोलायचं नाही, एवढं तर आपल्या हातात आहे. त्याला लायसन लागत नाही.

(अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)